सात हजार तीनशे पॉइंटचं पातळ

आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला टेकून एक फॉर्म उभा होता. होळीच्या आधी बँकेचा माणूस आमच्या गावी, रनाळ्यात, येऊन गेला, तेव्हा आमच्या यांनी तो भरून ठेवला होता. क्रेडिट कार्डाचा. नाव, गाव, पॅन नंबर, सातबारा, सगळं लिहून झालेलं. सही तेवढी राहिली होती.

"तू बी.कॉम. शेस ना," हे म्हणाले, "मंग तूच सांग. सही करू का नको?"

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. बियाणं, खत, डिझेल, किराणा, कपडे, सगळं कार्डावर केलं तर वर्षाला तीन लाख. शंभरामागे दोन पॉइंट, म्हणजे सहा हजार पॉइंट. एका पॉइंटचे पंचवीस पैसे. झाले दीड हजार रुपये. त्यातून कार्डाची वर्षाची फी कराधरून अकराशे एकोणऐंशी. उरले तीनशे एकवीस. खतवाला कार्डावर शेकडा दोन रुपये वर लावतो, ते धरायचेच होते. नंदुरबारचे लालचंदशेठ कापडावर रोखीचा वटाव देतात, म्हणजे रोख पैसे दिले की शेकडा तीन सोडतात. तो बुडणार होता. बिल भरायची तारीख एकदा जरी चुकली तर काय होतं, ते वेगळंच.

हिशेब सरळ होता. पण यांना तो पटेना, कारण यांच्या डोळ्यांसमोर नवनीतराव होते.

नवनीतराव म्हणजे माझ्या नणंदेचे, रंजिताताईंचे, यजमान. नंदुरबारला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतात. मूळचे विसरवाडीचे. हायवेला त्यांच्या वडिलांची टपरी होती. ट्रकवाले टायर तपासेपर्यंत हा मुलगा आत बसून बिस्किटाच्या पुड्यांची रिकामी वेष्टनं जमवायचा. दहा वेष्टनांवर एक पुडा फुकट. असे सव्वीस पुडे मिळवले होते म्हणे. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला त्यांनी ही गोष्ट सांगितली, तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. मलाही माणूस आवडला होता. आजही ती गोष्ट आठवली की ते पोर डोळ्यांसमोर येतं आणि माझा राग क्षणभर अडखळतो. क्षणभरच.

कारण पुढे त्यांना कार्ड मिळालं आणि त्या पोराला आयुष्यभर पुरेल एवढी वेष्टनं सापडली.

सुरुवातीला गंमत वाटली. आमचा फ्रिज घ्यायचा होता. नवनीतराव म्हणाले, "वहिनी, रोख दुकानदाराला कशाला देता? माझ्या कार्डावर घेऊ. रोख मला द्या. तुम्हाला काय फरक पडतो?" खरंच काही फरक पडला नाही. उलट महिन्याने त्यांनी स्टीलच्या डब्यांचा सेट आणून दिला. पॉइंटवर आला म्हणे. मी खूश झाले. ते डबे आजही वापरते आहे, त्यामुळे फार सोवळेपणा मला करता येणार नाही.

मग ते कुठेही उगवायला लागले. चुलत सासऱ्यांच्या घरी ठिबकच्या नळ्या आणायच्या, नवनीतराव हजर. कुणाचा मोबाईल, कुणाचा पंप, कुणाच्या पोरीची कॉलेजची फी. "माझ्या कार्डावर करा, रोख मला द्या." आणि ते जावई. आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. पाटावर बसलेल्या जावयाने दुसऱ्यांदा पुरणपोळी नको म्हटली तरी वाढतात, मग त्याने मागितल्यावर कोण नाही म्हणेल? नवनीतरावांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांचं खरं कार्ड ते होतं. बँकेचं नंतर.

चुलत सासऱ्यांच्या नातीच्या लग्नाचा बस्ता लालचंदशेठकडे काढला. गादीवर नव्वद हजारांचं कापड पडलं. शेठ नेहमीप्रमाणे म्हणाले, "रोखीचे आहेत ना? सत्तावीसशे वटाव झाला. मुलीच्या बापाला लग्नात तेवढाच आधार."

नवनीतराव पुढे सरसावले. "शेठ, कार्ड घ्या."

"जवाईसाब, कार्ड घेतो ना. मशीन आहे, सूनबाई चालवते. पण मग वटाव नाही हो. मशीनवाला माझ्यातून कापतो, मी तुम्हाला कुठून देऊ?"

"सोडा तो वटाव. कुठं दोन-अडीच हजारांचं घेऊन बसता!"

वटाव नवनीतरावांचा नव्हताच, मुलीच्या बापाचा होता. त्याने एकदा शेठकडे पाहिलं, एकदा जावयाकडे, आणि खिशातली नोटांची चळत निमूट जावयाच्या हातात दिली. शेठची सून आयुषी हिने मशीन पुढे केलं. टूं करून आवाज आला. मी मनात मोजलं: अठराशे पॉइंट, म्हणजे साडेचारशे रुपये. त्यासाठी दुसऱ्याचे सत्तावीसशे गेले.

बाहेर पडताना लालचंदशेठ माझ्याजवळ हळूच म्हणाले, "वहिनी, शेजाऱ्याची गाय विकली आणि आपल्यासाठी दोर घेतला."

मी वळून पाहिलं. नवनीतरावांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. ते मोबाईलमध्ये आकडा वाढलेला बघत होते आणि ओठ हलत होते, जपमाळ ओढणाऱ्याचे हलतात तसे.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा म्हणजे माझे सासरे, रतिलाल. त्यांचा एक नेम होता. लेकीच्या घरचं काही फुकट घ्यायचं नाही. जुनी माणसं पाळतात तसंच, पण आप्पा जरा जास्तच. नंदुरबारला रंजिताताईंकडे गेले की चहा घ्यायचे आणि उठताना बशीखाली दहाची नोट ठेवायचे. पाणी प्यायले तर देव्हाऱ्यात एक रुपया. रंजिताताई रडायच्या, "आप्पा, मी काय परकी शे का?"

"परकी नही वं. म्हनीसनच." म्हणूनच, एवढंच म्हणायचे.

नवनीतराव सासऱ्यांना मामा म्हणत; ते हसायचे. "मामा टीप ठेवून गेले!"

एका वर्षी मिरचीला बरा भाव लागला, तेव्हा आप्पांनी दोन लाख रुपये पोस्टात टाकले आणि पासबुकावर खडूसारख्या अक्षरात लिहिलं: 'शेवटचे'. सासूबाईंना, म्हणजे कौसाबाईंना, बसवून सांगितलं, "मन्हा दवाखाना, मन्हं लाकूड, मन्हं गंधमुक्तीनं जेवन, बठ्ठं यामातून. पोरनी उसनवारी नको, आन जवाईना तं एक पैसा मन्हा आंगवर नको." तेराव्याच्या जेवणापर्यंत सगळं या पैशांतून, जावयाचा एक पैसाही नको, यावर सासूबाईंनी मान डोलावली होती. त्यांच्या दृष्टीने ते वचन होतं, आणि आप्पांनी जन्मात दुसरं काही मागितलं नव्हतं.

होळीनंतर आठवड्याने आप्पांना धाप लागली. गावच्या डॉक्टरने नंदुरबार सांगितलं, नंदुरबारच्यांनी सुरत. सुरतच्या एका मोठ्या दवाखान्यात ते नऊ दिवस होते. पोस्टातले पैसे यांनी पहिल्याच दिवशी काढून आणले होते. माझ्या पर्समध्ये, रुमालात बांधून. सासूबाई दर थोड्या वेळाने विचारायच्या, "शेत ना?" पैसे आहेत ना, म्हणून. मी पर्स दाबून दाखवायचे.

दहाव्या दिवशी सकाळी आप्पा गेले.

दुपारी बिल आलं. एक लाख चौऱ्याऐंशी हजार. खाली ॲम्ब्युलन्स लागली होती, आप्पांना त्यात ठेवलं होतं, आणि पैसे भरल्याशिवाय कागद मिळणार नव्हता. मी आणि सासूबाई काउंटरसमोरच्या बाकावर बसलो होतो. नवनीतराव नंदुरबारहून आलेच होते. मी रुमाल सोडायला लागले, तर ते यांना म्हणाले, "धर्मेंद्रभाऊ, एवढी रोकड इथं मोजत बसतील. मी स्वाइप करतो, दोन मिनिटात सुटू. ते माझ्याकडं द्या."

हे सुन्न होते. त्यांनी माझ्याकडून रुमाल घेतला आणि नवनीतरावांच्या हातात दिला. मी काही बोलले नाही. लालचंदशेठच्या दुकानात जे पाहिलं होतं ते सगळं आठवलं, आणि तरी बोलले नाही. बाप गेलेल्या माणसासमोर हे कसं काढायचं, असं वाटलं. आजही त्याची टोचणी आहे.

नवनीतरावांनी रुमाल बॅगेत घातला आणि खिडकीत वाकून विचारलं, "मॅडम, बिल दोनदा कापता येईल का? ब्याण्णव, ब्याण्णव?"

"का, सर?"

"एका वेळी लाखाच्या पुढं डबल पडत नाही. हॉस्पिटलला सध्या डबल आहे ना."

ती बाई गोंधळली. तिला समजावून सांगितलं. पहिल्यांदा मशीनला नेटवर्क मिळेना, म्हणून पुन्हा. मग दुसरी स्लिप. बाहेर ॲम्ब्युलन्सवाला हॉर्न वाजवत होता. उन्हाचे दिवस होते. आप्पा त्या पत्र्याच्या गाडीत होते, आणि आम्ही पॉइंट डबल पडायची वाट बघत होतो. अकरा मिनिटं. समोर भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून मला नक्की माहीत आहे.

सासूबाईंना त्यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "भरात पैसा? आपलाच ना?"

"आपलेच, आई," मी म्हटलं.

पूर्ण बिलाची पावती मात्र कार्डाच्या नावाने निघाली. 'नवनीत पाटील यांच्याकडून साभार.'

पाचव्या दिवशी शेजारच्या सरलाबाई बसायला आल्या. पदर तोंडाला लावला, दोन उसासे टाकले आणि म्हणाल्या, "कौसामाय, जे व्हयनं ते व्हयनं. पन नशीब काढं तू. आजकालना पोरे बापले इचारतस नही, आन तुन्हा जवाईनी बठ्ठा दवाखाना भरा!"

सासूबाईंनी मान वर केली. "कोनी सांगं?"

"बठ्ठं गाव म्हनी ऱ्हायनं वं. शांतीलालनी सोता पावती देखी. पावनेदोन लाखनी!"

शांतीलाल म्हणजे आमच्या भाऊबंदांतले सगळ्यात वडीलधारे, कानाने कमी आणि तोंडाने जास्त. पावती त्यांच्यापर्यंत पोहोचली कशी? नवनीतरावांनीच दाखवली होती. 'मी भरले' असं ते म्हणाले नसतील. गणिताचा माणूस, खोटं वाक्य बोलणार नाही. फक्त पावती दाखवली असेल आणि गप्प राहिले असतील. शांतीलाल पाठीवर थोपटत असतील तेव्हाही गप्पच.

सरलाबाई गेल्यावर सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "रुची, तुन्हा सासरानी जल्मभर लेकीना घरना च्या फुकट पिधा नही. आन आते गाव म्हनी ऱ्हायनं, तो जवाईना पैसावर मरना."

मला हुंदका आला. त्यांना आला नाही.

मी यांच्याशी बोलले. "तुम्ही सांगा ना चार लोकांत, पैसे आप्पांचे होते म्हणून."

हे म्हणाले, "जवाईले चार लोकमा खोटं पाडू? मंग रंजितानं काय? तिले तठेच ऱ्हावानं शे."

बरोबर होतं त्यांचं. रंजिताताई मागच्या खोलीत गहू निवडत होत्या, त्यांनी ऐकलं. हात थांबला नाही. म्हणाल्या, "वहिनी, आमच्याकडं साखर संपली तरी मी दुकानात जात नाही. ते आधी बघतात, आज कुठल्या ॲपवर किती पॉइंट. दोन-दोन दिवस बिनसाखरेचा चहा पितो आम्ही." आणि हसल्या. ते हसणं बघवत नव्हतं.

बाराव्या दिवशी एक कुरिअरवाला खोकं देऊन गेला. नवनीतरावांच्या नावाचं, पत्ता आमचा. त्यांनी फोन करून सांगितलं, "फोडू नका वहिनी, उद्या लागणार आहे."

तेराव्या दिवशी गंधमुक्ती. मांडवात दीडशे माणूस. आमच्या घरात त्या दिवशी बाईला पातळ येतं ते माहेरचं. लेकीच्या घरून काही घ्यायचं नसतं. उलट जावयालाच टॉवेल-टोपी देऊन निरोप द्यायचा. सासूबाईंचे भाऊ चिंचपाड्याकडून आले होते, त्यांनी साधं पांढरट पातळ पुढे ठेवलं. सासूबाईंनी ते कपाळाला लावलं.

तेवढ्यात नवनीतराव खोकं घेऊन उठले. फोटो काढायला एकाच्या हातात मोबाईल दिला.

"मामी, आमच्याकडून हे."

मांडवात कुजबुज झाली. शांतीलाल मोठ्याने म्हणाले, "देखा! जवाई आसावा तं आसा! दवाखाना भरा, आन वर पातळ!"

सासूबाईंनी खोकं हातात घेतलं नाही. म्हणाल्या, "पाव्हणा, बठा. रुची, फोड ते."

मी चिकटपट्टी काढली. आत प्लास्टिकमध्ये एक मोरपंखी साडी, जरीच्या काठाची. तेरा दिवसांच्या विधवेला मोरपंखी. वर एक चकचकीत कार्ड, त्यावर फुगे छापलेले.

"कागदवर काय लिखेल शे? वाच."

इंग्रजीत होतं. मी नवनीतरावांकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली, नको म्हणून. सुरतच्या बाकावर मी गप्प बसले होते. ती अकरा मिनिटं पुरे होती. मी मराठीत वाचलं.

"अभिनंदन, नवनीत पाटील! सात हजार तीनशे पॉइंट वापरून आपण ही भेट मिळवली आहे. असेच खर्च करत राहा आणि आनंद लुटा."

माझ्या डोक्यात आपोआप गणित झालं. एक लाख चौऱ्याऐंशी हजार. शंभराला दोनऐवजी चार. सात हजार तीनशे साठ. साडी घेऊन वर साठ पॉइंट उरले.

"पॉइंट म्हंजे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"मामी, ते कार्डावर पडतात," नवनीतराव म्हणाले. "खर्च केला की. साडीला पैसा असा लागला नाही."

"पैसाच लागना नही? मंग दुकानदारनी काय धरम कया?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"तसं नाही, मामी. कसं सांगू... खर्चाचं बक्षीस असतं ते."

"कोनता खरचनं?"

नवनीतरावांनी घाम पुसला. उत्तर मी दिलं. "आई, दवाखान्याच्या बिलाचं."

आचाऱ्याची कढई तेवढी चरचरत होती. सासूबाईंनी आवाज चढवला नाही. पाहुण्याला पाणी हवं का विचारावं तशा म्हणाल्या, "पाव्हणा, मी तुमलेच इचारस. दवाखानाना पैसा कोना व्हतात?"

"मामी, आता इथं—"

"आठेच. कोना व्हतात?"

"मामांचेच होते. धर्मेंद्रभाऊंनी तिथंच मला रोख दिले. मी फक्त स्वाइप केलं."

"मोठ्यानी सांगा. शांतीलालले कमी ऐकाले येस."

नवनीतरावांना ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. वर्गात मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. शांतीलाल तोंड उघडं ठेवून ऐकत राहिले, मग टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजे रतिलालनाच पैसा?" ते म्हणाले. "मंग आमले काबर नही सांगं?"

रंजिताताई स्वयंपाकाच्या बाजूला उभ्या होत्या, त्यांनी पदर डोक्यावर घट्ट ओढला. मला त्यांची काळजी वाटली, पण सासूबाईंनी त्याचीही सोय केली. जावयाला पाट दिला. कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. मानात तसूभर कमी केलं नाही. मग ती मोरपंखी साडी प्लास्टिकसकट खोक्यात ठेवली आणि खोकं त्यांच्याकडे सरकवलं. "लेकीना घरनं मी लेत नही. हाई तुम्हनं तुम्ही ली जा."

नवनीतराव मात्र जाताना खोकं ओट्यावर तसंच सोडून गेले. लाजेने, असं मला वाटलं. मला त्यांची थोडी कीवही आली. म्हटलं, माणसाला लागलं वाटतं कुठंतरी.

खोकं दोन दिवस ओट्यावर पडून होतं. सासूबाई त्याला वळसा घालून जायच्या, घरात घेऊ देईनात. त्यांच्या मनात रुखरुख होती. माणसांपुढे बोलून झालं होतं, पण वस्तू अजून घराच्या ओट्यावर होती. "आंगवर नही, पन ओटावर तं शे," असं म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवनीतरावांचा फोन आला. यांनी स्पीकरवर घेतला.

"धर्मेंद्रभाऊ, ते खोकं आहे ना तिथंच?"

"शे."

"मामींनी साडी काही काढली नाही ना बाहेर? टॅग आहे ना जागेवर?"

"शे."

"मग एक करा. सात दिवसांच्या आत परत पाठवलं तर पॉइंट परत मिळतात. सगळे. मी रिटर्न टाकलंय, दुपारी माणूस येईल. तेवढं चिकटपट्टी लावून ठेवा. आणि ते अभिनंदनाचं कार्ड आत घाला, नाहीतर घेत नाहीत."

यांनी फोनकडे असं पाहिलं, जसं ताटात काही हललं असावं. मला तर खरोखर उठून मोरीवर जाऊन चूळ भरावीशी वाटली. बापाच्या जागी असलेल्या माणसाच्या शेवटच्या नऊ दिवसांचे पॉइंट, तेराव्याच्या मांडवात भर लोकांत तोंडावर आलेले, ते हा माणूस परत जमा करून घेत होता. उद्या त्या पॉइंटांचं तो काय घेईल? इस्त्री? सॅंडविच भाजायचं यंत्र? आणि आम्ही दिवाळीला गेलो की त्यावर भाजलेलं सॅंडविच आमच्यापुढे ठेवेल?

पण सासूबाई दारातून ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला.

"परत लेतस?" त्यांनी मला विचारलं. "बठ्ठंच?"

"सगळंच, आई."

"मंग बरं व्हयनं. दे लाई पट्टी."

दुपारी कुरिअरवाला आला, तेव्हा खोकं त्यांनी स्वतः उचलून त्याच्या हातात दिलं. उन्हातून आला म्हणून त्याला ताक पाजलं. "पावती दे भाऊ," म्हणाल्या. त्याने फाडून दिलेला कागद माझ्याकडून वाचून घेतला. एक नग परत, नवनीत पाटील. तो कागद त्यांनी आप्पांच्या पासबुकात, जिथे 'शेवटचे' लिहिलंय त्या पानावर ठेवला. दवाखान्याचं बिल वळतं करून नवनीतरावांनी रुमालातले जे उरलेले परत दिले होते, त्यातून गंधमुक्तीचा किराणा भागला होता. कमी पडलेले सहाशे आचाऱ्याने आप्पांच्या नावाने सोडून दिले होते, तेवढे मात्र सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी मिरच्या विकून त्याच्या घरी नेऊन दिले.

रंजिताताईंचा फोन येतो. बोलतात, हसतात. पुढच्या महिन्यात त्या चार दिवस येणार आहेत, एकट्या. साखरेचा चहा प्यायला, असं म्हणाल्या.

आणि परवा त्या बँकेच्या माणसाचा फोन आला. "सर, सही झाली का? ऑफर संपत आली आहे. पहिल्या वर्षी डबल पॉइंट."

हे म्हणाले, "आमच्याकडं सुतक शे."

"ओह, सॉरी सर. कधी फिटणार?"

यांनी फळीवरच्या मिठाच्या बरणीकडे पाहिलं. फॉर्म नव्हता. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. फॉर्म मिठाच्या बरणीमागून त्यांनी कधीच काढला होता आणि सकाळचं पाणी तापवताना चुलीत घातला होता, हे यांना तेव्हा कळलं.

"फिटनं आतेच," हे म्हणाले, आणि फोन ठेवला.